जयसिंगरावांच्या लॅपटॉपचं कार्ड

१

खलाट्यांच्या घरची एक रीत होती. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याचा दिवस संपेपर्यंत कुणी हलवायचं नाही. एकादशीच्या सकाळी घरच्या कर्त्याने ते स्वतःच्या हाताने उचलायचं. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते तेव्हा पाटावर तलवार असायची. तलवार आजही असते, पण आता तिच्या शेजारी ऑफिसातले लॅपटॉपही मांडतात, कारण जयसिंगराव खलाटे लोकांची घरं बांधून देतात आणि त्यांची सगळी लढाई पडद्यावरच चालते.

यंदाच्या एकादशीला जयसिंगरावांनी आपला लॅपटॉप उचलला, कपाळाला लावला आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा होऊ घातलेला बंगला दाखवायला घेतला. पडद्यावर दारातून आत शिरायचं, जिना चढायचं, गच्चीवर जाऊन उभं राहायचं, अशी ती गंमत. मागच्या आठवड्यात हे सगळं लोण्यासारखं चालत होतं. आज दाराशीच गाडं अडलं. दार अर्धं उघडलं आणि तसंच थिजून राहिलं. गिऱ्हाईक आधी हसलं, मग घड्याळ बघू लागलं आणि शेवटी "चलो, फिर कभी" म्हणून उठून गेलं.

ऑफिसचा कारभार बघणारी त्यांची मुलगी मधुरिमा. तिने लॅपटॉप ओढून आतली माहिती उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पप्पा, ग्राफिक्स कार्डच वेगळं आहे. अपना वाला नहीं है ये. हे तर अगदीच हलकं आहे."

"वेगळं आहे म्हणजे? आपोआप वेगळं झालं?"

अष्टमीला हा लॅपटॉप पंखा साफ करायला परदेशीपुऱ्यातल्या स्वानंदीच्या दुकानात गेला होता. इतक्यात तिच्याखेरीज तो कुणी उघडला नव्हता.

जयसिंगरावांनी फोन लावला. त्यांचा आवाज चढत नाही, खाली उतरतो, आणि तो उतरला की ऑफिसातली माणसं श्वास धरतात. "पोरी, दिवेलागणीपर्यंत माझं कार्ड परत आण. नाहीतर समाजाच्या ग्रुपवर तुझं नाव टाकतो आणि मग पोलिसांत जातो."

२

छत्रीबागेतल्या घरी शैलजाताईंची पोथी चालू होती. अध्याय हातात असताना त्या उठत नाहीत, हे ठाऊक असल्याने त्यांची भाची स्वानंदी उंबऱ्याशीच बसून राहिली. मावशीचं बोट ओळीखालून संथपणे सरकत होतं. शेवटी फूल वाहून झालं, पोथी रुमालात गुंडाळली गेली, तेव्हा शैलजाताईंनी मान वळवली.

"रडून झालं असेल तर बोल."

"रडले नाहीये मी."

"मग डोळे पुसून बोल."

शैलजाताई मुलींच्या शाळेत पर्यवेक्षिका होत्या. वर्गात कंपास चोरीला गेला तर एकाही मुलीचं दप्तर न उघडता त्या संध्याकाळपर्यंत तो जागेवर आणून ठेवत. आवाज मात्र कधी वाढला नाही. निवृत्त झाल्यावर नेमधर्म वाढला, एवढाच फरक.

स्वानंदीने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, मी त्यांचं कार्ड काढलं नाही. आणि खरं सांगू? कुणीच काढू शकत नाही."

"का गं? काढायचं नाही म्हणून, की निघतच नाही म्हणून?"

"निघतच नाही. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असतो ना, त्याचं कार्ड खाचेत बसवलेलं असतं. ओढलं की हातात येतं. लॅपटॉपमध्ये तसं नसतं. मुख्य पट्टीवरच ती चिप डाग देऊन पक्की केलेली असते. फार जुन्या, जाडजूड लॅपटॉपमध्ये सुटं कार्ड यायचं, पण ह्याच्यात नाही. काही लॅपटॉपना बाहेरून पेटी जोडता येते, ती सोयही ह्याला नाही. दुकानात रोज कुणीतरी विचारतं, दीदी ग्राफिक्स कार्ड अपग्रेड हो जाएगा क्या, आणि मी रोज सांगते, भिया, नहीं होगा. रॅम वाढेल, एसएसडी बदलेल. कार्ड नाही."

"एसएसडी म्हणजे?"

"सगळी माहिती जिच्यात साठवतात ती पट्टी. एक स्क्रू काढला की बाहेर येते. एकातली काढून तशाच दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घाला, आपलं सगळं सामान तिथे हजर."

शैलजाताईंनी समईची वात सारखी केली. "हे तू जयसिंगरावांना सांगितलंस?"

"सांगितलं ना! तर म्हणाले, मला शिकवू नकोस. पाडव्याला माझ्याच ऑफिसात माझ्याच लॅपटॉपचं कार्ड बदलून मिळालंय. आमच्याकडे डिझाइन करणाऱ्या अनीशने बदललं. तेव्हापासून विमानासारखा चालत होता, सगळ्या ऑफिसने बघितलाय." स्वानंदीने पुन्हा डोळे पुसले. "आणि त्यांनी कॉलेजच्या श्रीहरी सरांना आधीच फोन केलाय. लॅबच्या सगळ्या मशीनचं काम माझ्याकडे येणार होतं. सरांचा मेसेज आला, तूर्त थांबूया. तूर्त म्हणजे काय ते मला कळतं, मावशी. माझ्याकडे लोक लॅपटॉप नाही ठेवून जात, आपले फोटो, आपले हिशेब, सगळं ठेवून जातात. एकदा चोर म्हटलं की कोण ठेवील?"

तुळशीला पाणी घालून शैलजाताईंनी पायात चपला सरकवल्या.

"तू म्हणतेस, कार्ड बदलता येत नाही. ते म्हणतात, बदललं. एकदा नाही, दोनदा." त्या हळूच म्हणाल्या. "आणि गंमत बघ, मला तुम्ही दोघंही खरं बोलताय असं वाटतंय."

३

शैलजाताई आणि स्वानंदी ऑफिसात शिरल्या तसे जयसिंगराव उठून उभे राहिले. "या शैलजाताई. मधुरिमाच्या बाई म्हणून तुम्हाला मान आहे. पण भाचीची वकिली करायला आला असाल तर…"

"वकिली मला कुठली येते, भाऊसाहेब? मला नुसतं विचारता येतं." त्या टेकल्या. "एवढं मोठं ऑफिस तुमचं. लॅपटॉप जुना झाला तर नवा का नाही घेतला?"

जयसिंगरावांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या पत्नीची, कमलताईंची तसबीर होती. "हा कमलने घेतलेला आहे. तिच्या हाताने ह्याच्यावर पहिलं कुंकू लागलं. आमच्यात हत्यार बदलत नाहीत हो, त्याला धार लावतात. मी अनीशला म्हटलं, मला तेच यंत्र पाहिजे, फक्त धार लाव. दोन दिवसांत आणून दिलं त्याने. दिसायला तेच, आतलं सामानसुमान तेच. पण धार अशी की काय सांगू!"

"ही पाडव्याची गोष्ट?"

"गुढीपाडव्याची."

"आणि नवमीच्या पूजेनंतर ह्याला हात कुणी लावला?"

"कुणाची छाती आहे? आज सकाळी मीच उचलला."

शैलजाताईंनी परवानगी मागितली आणि स्वानंदीने सगळ्यांसमोर लॅपटॉप पालथा घातला. पाठीवरचा नंबर घासून पुसट झालेला. तिने स्क्रू काढले, झाकण उचललं आणि तिचे हात तिथेच थांबले.

पंखा धुळीने गच्च होता. पात्यांच्या मधे मऊ राखाडी पुंजके, आणि त्यांत पिवळसर थर.

"मी हा साफ केला होता," ती पुटपुटली. "मावशी, अष्टमीलाच… ब्रशने एकेक पातं…"

"वा!" जयसिंगरावांचा आवाज तळाला गेला. "म्हणजे साफसफाईही केली नाहीस. पैसे घेतलेस, कार्ड काढलंस आणि धूळ तशीच ठेवलीस. आता तर तूच पुरावा दिलास, पोरी."

मधुरिमाने मान फिरवली. शैलजाताई मात्र चष्मा काढून, पुसून, परत लावून त्या लॅपटॉपवर वाकल्या. पडदा जिथे दुमडतो त्या बिजागरीच्या फटीत त्यांनी नखाचं टोक घातलं, बाहेर काढलं आणि उजेडात धरून बघितलं.

"भाऊसाहेब, एक विनंती आहे. ह्याचं झाकण असंच उघडं राहू द्या, वर फडकं टाका. माझी फराळाची वेळ झाली. खाऊन आले की सांगते."

"काय सांगता?"

"कार्ड कुठे गेलं ते."

४

चातुर्मासात शैलजाताईंचा नेम होता, घास तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही. एकादशीच्या फराळालाही तो लागू. मधुरिमाने आतल्या खोलीत साबुदाण्याची खिचडी आणि दही मांडलं, आपल्या बाईंचा नेम तिला ठाऊक होता. त्या मान खाली घालून सावकाश खाऊ लागल्या.

न बोलणाऱ्या माणसासमोर गप्प बसवत नाही. समोर यशवर्धन येऊन बसला. जयसिंगरावांचा भाचा, साइटवरची देखरेख ह्याच्याकडे, आणि फावल्या वेळात लॅपटॉपवर गाड्या पळवण्याचा नाद. आधी त्याने पंखा वाढवला, मग कमी केला, मग बोलायला लागला.

"शक माझ्यावर पण येईल, मला माहिती आहे. मी गेम खेळतो ना! पण कसम से काकू, मामांच्या लॅपटॉपला मी फक्त मे महिन्यात एकदा हात लावला. क्या मक्खन चलता था! आधी त्याच्यावर पत्ते पण अटकायचे."

शैलजाताईंनी दही कालवलं.

"पूर्वी मी अनीशच्या लॅपटॉपवर खेळायचो. सेम टू सेम मामांसारखाच आहे, नाशिकहून येताना आणलेला, पण आत कार्ड भारी. राकेट होता! पण अनीशभिया पाडव्यापासून हातच लावू देत नाही. म्हणतो, गरम होतो. बंगल्याचं चित्र रेंडरला लावतो आणि दोन-दोन तास बसून राहतो बिचारा. मी म्हटलं, मामांचं केलंस तसं स्वतःचं पण अपग्रेड कर ना यार! तर नुसता हसला."

शैलजाताईंचा घास क्षणभर हातात राहिला. मग त्यांनी तो खाल्ला.

यशवर्धन गेला आणि अनीश आला. सडपातळ, तिशीच्या आतला, शर्टाच्या बाह्या व्यवस्थित दुमडलेल्या. तो बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"काकू, तुम्ही बोलणार नाही असं मधुरिमा मॅडम म्हणाल्या. मीच सांगतो. स्वानंदीताईंना पोलीस वगैरे नको व्हायला. मी साहेबांना म्हटलंय, मला फक्त आजची संध्याकाळ द्या. लॅपटॉप घरी नेतो आणि उद्या होता तसा करून देतो. खर्चही नको. मग कुणाचं काही जाणार नाही, विषय संपेल."

तो थांबला. उत्तर येणार नव्हतं हे ठाऊक असूनही थांबला, आणि त्या शांततेत त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"ताईंनी काही केलेलं नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला आणि निघून गेला.

शैलजाताईंनी पान उचललं, हात धुतले, चूळ भरली. मग खिडकीशी उभ्या असलेल्या स्वानंदीजवळ येऊन म्हणाल्या, "बाळ, तुझा तो बारीक पेचकस दे बरं मला."

५

फडकं काढलं. उघडा लॅपटॉप टेबलाच्या मधोमध, भोवती सगळे. शैलजाताईंनी पेचकस अनीशच्या हातात ठेवला.

"अनीशराव, पाडव्याला तुम्ही ह्यातलं जुनं कार्ड काढून नवं बसवलंत. मला अडाणी बाईला दाखवा. कुठलं ते? त्याला बोट लावा. आणि कसं काढतात तेवढं काढून दाखवा."

अनीशने पेचकस धरला. एका काळ्या चौकोनावर नेला, मागे घेतला. दिवाळीतल्या दुकानासारखी गर्दी होती त्या मुख्य पट्टीवर, पण एकही स्क्रू कार्डाचा नव्हता.

"दाखव की," जयसिंगराव म्हणाले. "अरे, दाखव तिला!"

पेचकस टेबलावर ठेवला गेला.

"ते दाखवू शकणार नाहीत, भाऊसाहेब, कारण स्वानंदी म्हणते तेच खरं. ह्याचं कार्ड निघत नाही, बसतही नाही. आणि तुम्ही म्हणता तेही खरं. पाडव्याला कार्ड वेगळं झालं, आज पुन्हा वेगळं झालं. आता कार्ड तर बदलूच शकत नाही. मग बदललं काय?"

मधुरिमाचा हात हळूच तोंडाशी गेला. "लॅपटॉप," ती म्हणाली. "पूरा का पूरा लॅपटॉप."

"हो. आणि आतली माहितीची पट्टी ह्यातून त्यात गेली, म्हणून सामानसुमान जिथल्या तिथे राहिलं आणि कुणाला कळलं नाही. तुम्ही अष्टमीला स्वानंदीकडे पाठवला तो एक लॅपटॉप. तिने तो खरोखर साफ केला. हा दुसरा. म्हणूनच ह्याच्या पंख्यात धूळ आहे."

"म्हणजे माझा चोरला आणि हा भलताच कुणाचा तरी इथे ठेवला!" जयसिंगराव उसळले.

"नाही हो." शैलजाताईंचा आवाज आणखी मऊ झाला. "मीही आधी तसंच समजले होते. पण ह्याची बिजागरी बघा. वर ह्या नवमीचं कुंकू, लालभडक. त्याच्या खाली आणखी आहे, ते काळं पडलंय. जुनं कुंकू काळवंडतं, रोज देव घासणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही. पंख्यातली पिवळी धूळ म्हणजे हळद, एका पूजेची एवढी नसते. हे यंत्र कितीतरी नवम्या तुमच्या पाटावर बसलेलं आहे. भाऊसाहेब, हाच तुमचा लॅपटॉप. कमलताईंनी घेतलेला. परका होता तो पाडव्यापासून तुम्ही वापरत होतात तो."

जयसिंगराव खुर्चीत बसले. बसताना त्यांनी खुर्ची कुठे आहे ते बघितलंही नाही.

"मग तो कुणाचा?"

"ज्याचा राकेट पाडव्यापासून बैलगाडी झाला त्याचा. आणि चोरीला गेलेलं कार्ड कुठून आणणार, हे न सांगता जो एका संध्याकाळीत सगळं पूर्ववत करून द्यायला तयार आहे त्याचा."

सगळ्यांच्या माना वळल्या. अनीशने आपली पिशवी आणली आणि आतला लॅपटॉप काढून कमलताईंच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. जुळे भाऊ. स्वानंदीने न राहवून त्याचं झाकण उघडलं. पंखा लख्ख होता.

"माझा ब्रश," ती एवढंच म्हणाली.

"साहेब, मुलाखतीत तुम्ही म्हणाला होतात, 'नाही होणार' म्हणणारा माणूस ह्या ऑफिसात नको." अनीश जमिनीकडे बघत बोलत होता. "मी नवीन होतो. तुम्ही म्हणालात, धार लाव. मी रात्रंदिवस शोधलं, कुठेच होत नव्हतं. मग माझा तुम्हाला दिला आणि तुमचा मी घेतला. वाटलं, काम तर तुमचंच होतंय. कुणाचं काय बिघडलं?"

"मग परत का फिरवलास?" मधुरिमाने विचारलं.

"नवमी आली म्हणून. साहेब दरवर्षी कमलकाकूंचं नाव घेऊन त्याला कुंकू लावतात, हे यशवर्धनने सांगितलं. माझ्या सेकंडहँड मशीनला ते कुंकू लागणार आणि काकूंचं मशीन बाजूला, कुणाच्या लेखी नाही. मला ते सोसवेना. स्वानंदीताईंकडून आल्यावर मी दोन्ही फिरवले. म्हटलं, पूजा झाली की परत जागच्या जागी. पण इथे दसऱ्यालाही कुणी हत्याराला हात लावत नाही हे मला कुठे माहीत? आमच्याकडे दसऱ्याला सकाळी उचलतात. आज मी यायच्या आत साहेबांनी उचलला होता."

यशवर्धनने पंखा बंद केला.

"यंत्र फिरवलंत ते मी समजू शकते," शैलजाताई म्हणाल्या. "पण सकाळपासून ही पोरगी चोर ठरत होती आणि तुम्ही दाराला टेकून उभे होतात. ते मला नाही समजता येत."

अनीशने मान हलवली. त्याने स्वानंदीकडे पाहिलं. "ताई, श्रीहरी सरांचा नंबर द्या. मी फोन करतो. माझ्या नावाने सगळं सांगतो."

"थांब." जयसिंगरावांनी हात वर केला. "त्यांच्याशी खोटं मी बोललोय. फोन मी करणार."

आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर केला. सुरुवातीला त्यांना 'चूक' हा शब्द सापडेना, दोनदा खोकला आला. मग सापडला.

६

द्वादशीचं पारणं आटोपून शैलजाताई परदेशीपुऱ्यात डोकावल्या. दुकानासमोर चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. कुणाचा की-बोर्ड अडकलेला, कुणाच्या पडद्यावर रेघा. कॉलेजचं काम परत येणार की नाही, हे श्रीहरी सरांनी अजून कळवलं नव्हतं. "बघतो" म्हणाले होते.

गाडी थांबली आणि जयसिंगराव उतरले. बगलेत लॅपटॉप. त्यांना पाहून स्वानंदी स्टुलावरून उठली आणि तिचा हात आपोआप काउंटरवरच्या पेचकसांवर गेला, जणू ते कुणी उचलून नेणार होतं.

जयसिंगराव रांगेत उभे राहिले. पुढच्या दोघांनी ओळखून वाट दिली, तरी सरकले नाहीत. नंबर आला तेव्हा त्यांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"बेटा, ह्याचं ग्राफिक्स कार्ड वाढवून मिळेल का?"

गिऱ्हाइकं बघू लागली. स्वानंदीने मावशीकडे पाहिलं. मावशी रस्त्याच्या पलीकडे फुलं बघत होती.

"नाही होणार," स्वानंदी म्हणाली.

"काही करून?"

"काहीही करून नाही, काका."

असं त्यांना कुणी कधी म्हटलं नसावं. मग काउंटरखालचं स्टूल त्यांनी पायाने ओढलं, त्यावर बसले आणि म्हणाले, "बरं. मग काय होईल, ते नीट समजावून सांग."